न गळणारा स्लॅब

दवनीवाड्यात कुणी घर बांधायला काढलं की मुहूर्ताच्याही आधी एक गोष्ट विचारली जाते : उदाराम मिस्त्री कधी मोकळा आहे? नकाशा काय, गोंदियाला कुणीही काढून देतो. तो घडी घालून फळीवर ठेवला जातो आणि पुढं त्यावर चहाचे कप टेकवले जातात. भिंत कुठून घ्यायची, जिना कोणत्या अंगानं चढवायचा, हे उदाराम जमिनीवर चुन्याची फक्की टाकत सांगतो आणि मालक मान हलवतो. त्याच्याबद्दल गावात एकच वाक्य बोललं जातं आणि तेवढं पुरतं : उदारामचा स्लॅब गळत नाई.

या वाक्याची राखण तो स्वतः करतो. आषाढात झड लागली, चार-दोन दिवस ऊन दिसेनासं झालं की तो छत्री घेऊन निघतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. ज्या ज्या घरावर त्यानं स्लॅब टाकला त्या प्रत्येक घरात जातो, चपला दाराशी काढतो, बैठकीच्या मधोमध उभा राहून वर बघतो. एखाद्या कोपऱ्याचा संशय आला तर स्टूल मागून घेतो, वर चढून छताला तळहात लावतो आणि डोळे मिटून क्षणभर थांबतो, तापातल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तसा. मग खाली उतरून चहा पितो. लोक याला मिस्त्रीची फेरी म्हणतात. छताला ओल कधी सापडली नाही. सापडली असती तर त्यानं काय केलं असतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याचं लहानपण कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात गेलं. बाप दर वर्षी पावसाआधी कवेलू फेरायचा, फुटके काढायचा, नवे बसवायचा. तरी पाणी वाट शोधायचंच. मग आई गंज, पातेली, पराती, जे सापडेल ते थेंबाखाली मांडत जायची आणि उदाराम आपली वाकळ ओढत कोरडी जागा धुंडायचा. थेंबांचे ते वेगवेगळे आवाज, पितळेवरचा निराळा, मातीवरचा निराळा, त्याच्या कानातून पुढं कधी गेले नाहीत. नागपूरला घमेली उचलायला गेला, तिथं पहिल्यांदा स्लॅबखाली पावसाचा आवाज न ऐकता झोपला आणि त्याच सकाळी ठरवून टाकलं की आपण हेच शिकायचं.

तो शिकला. गावात परत आला. एकामागून एक घराचे कवेलू उतरवले आणि स्लॅब चढवले. राहिलं ते फक्त त्याचं स्वतःचं घर. हंगामात दुसऱ्याचं काम असायचं, हंगाम नसताना हातात काही नसायचं. बायको शामकला चुलीपुढून टोमणा मारायची, "साऱ्या गावाच्या डोक्यावर स्लॅब, आन मिस्त्रीनच्या डोक्यावर कवेलू." तो हसायचा. पण पाहुणे आले की त्यांना अंगणातच बसवायचा.

चेतना ही त्यांची एकुलती मुलगी. नागपूरला इंजिनिअर झाली आणि तिथल्याच एका लहान कंपनीत लागली. घराला वीज कमी लागावी म्हणून ती कंपनी यंत्रं बनवायची. दिवाळीला ती आली तेव्हा पिशवीतून एक पांढरी डब्बी काढून तिनं बापापुढं ठेवली. साबणाच्या वडीएवढी.

"हे का हाय वं?" शामकलानं विचारलं.

"घराचं नाक हाय, आई." चेतना हसली. "आत किती गरम, बाहेर किती गरम, हे इले समजते. स्लॅबमंधी वर एक झरोका ठेवायचा, त्याले झडप बसवायची. संध्याकाळी बाहेरची हवा थंडी झाली का झडप आपोआप उघडते, पंखा आतली गरम हवा वर ढकलते, खालच्या खिडकीतून थंडी हवा आत येते. उन्हं वर आले का बंद. एसी लावला तरी घडीभर पुरते. लावला नाई तरी चालते."

"आन पानी?" उदारामनं विचारलं. "पान्याचं का?"

"थेंब पडला का झडप बंद होते, बाबा. वरून टोपी बी राहते."

उदाराम डब्बीकडं बघत राहिला. मग चेतना जे बोलली ते तिनं फार प्रेमानं बोललेलं होतं, आणि तेच त्याला लागलं.

"मले हे कठी सुचलं माहीत हाय? आपल्याच घरात. दुपारी अठी लोळत होती आन वर पाहून राहिली होती. कवेलूच्या फटींतून गरमी निघून जाते ना, बाबा. स्लॅबातून जात नाई. तो दिवसभर तापते, आन रातभर आपल्याच आंगावर ओतते. तुमी बांधलेल्या साऱ्या घरांत मे महिन्यात तसंच होते."

ज्या छताची त्याला जन्मभर लाज वाटली, त्याचं पोरगी कौतुक करत होती. आणि ज्याच्या जोरावर तो गावात ताठ चालत होता, त्यात तिला खोट दिसत होती. त्या रात्री त्याच्या ताटातला भात तसाच राहिला.

पण चेतनाचं त्यापुढचं बोलणं त्यानं नीट ऐकलं. कंपनीच्या साहेबांनी तिला सांगितलं होतं, तुमच्या भागात एक घर उभं करून दाखव, एक उन्हाळा ते चालू दे; मग गोंदिया जिल्ह्याचं काम तुझ्याकडं, घरी राहून कर. नाहीतर कंपनीचं मोठं काम हैदराबादला आहे, तिकडं जावं लागेल. घरी राहून, एवढे दोन शब्द उदारामनं मनात ठेवून घेतले. शामकलानं तर त्याच आठवड्यात आतली खोली सारवून घेतली.

घर मिळालं ते केशोरावचं. केशोरावचं बियाण्याचं दुकान, माणूस बोलका आणि सावध. जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायला घेतलेलं. कॉलम उभे राहिले होते. चेतना बापाबरोबर तिथं गेली आणि विटांच्या चळतीवर बसून तिनं सगळं समजावलं. केशोरावनं बोटांवर शंका मोजल्या.

"लाईट गेली तं?"

"झडप हातानं बी उघडते, काका."

"एसी घेतला तं गोंदियाले दुकान हाय, बिघडला का फोन लावला, मिस्त्री हजर. हे बिघडलं तं मी कोनाच्या नावानं बोंबलू? नागपूरहून मानूस येनार हाय का?"

"मी राहीन ना अठी. मलेच हाक मारजा."

केशोराव उदारामकडं बघून म्हणाला, "पोट्टी तुमच्यापेक्षा पक्की हाय, मिस्त्री." तेवढ्यात बाजेवर पडलेली त्याची म्हातारी आई, धुरपताबाई, मध्ये बोलली, "होऊ दे ना रे बाबू. त्या थंड्या हवेच्या डब्यानं माहे हाडं ठनकतेत. मागं बहिनीच्या घरी गेली होती, चार दिवस उठता नाई आलं."

केशोराव आईपुढं फार बोलत नसे. "बरं, एक भोकच तं हाय," तो म्हणाला. "ठेव बाई."

स्लॅब पडला तो जानेवारी सरत असताना. सेंट्रिंगवर लोहा बांधून झाला होता. जिन्यापाशी, जिथं झरोका यायचा, तिथं चेतनानं सुताराकडून करवून घेतलेला लाकडी फर्मा ठेवला होता, चार फळ्यांचा, बिनबुडाचा. सकाळी नारळ फुटला, केशोरावनं उदारामच्या खांद्यावर शेला टाकला. मिक्सर धडधडायला लागला. चेतना दुपारच्या बसनं गोंदियाला गेली. नागपूरहून तिची झडप यायची होती, ती स्टेशनवरून उचलून आणायची होती. जाताना ती वर चढून आली, फर्म्याला हात लावून बघितला आणि म्हणाली, "बाबा, एवढं सांभाळजा."

स्लॅबच्या दिवशी वेळ नसतो. घमेली हातोहात वर येतात, काँक्रीट पसरतं, कुणी थांबलं की मागची सगळी रांग थांबते. दरेकशाकडचा सुकराम टोळी घेऊन आला होता. जुना गडी, तोंडाचा फटकळ. काँक्रीट सरकत सरकत जिन्यापाशी आलं तसा तो फर्म्यापुढं कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"का गा मिस्त्री, हे भोक कायले? केशोरावजी अठून सीधे सोरगात जाऊन राहिले का?"

बाया खदखदल्या. एक म्हणाली, "सोरगात नाई गा, पावसाले आत यायले दरवाजा पाह्यजे ना!"

"उदारामच्या स्लॅबले भोक!" सुकराम म्हणाला. "आता आषाढात फेरी मारजो तं छत्री घरात उघडून बसजो."

सगळे हसले. उदारामही हसला. बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ पोरांचं विमान डोक्यावरून गोल फिरत गेलं, त्याच्या मागं त्याची नजर गेली, आणि त्याला दिसलं की वायव्येकडून आभाळ येतंय. अवकाळी. पातळ होतं, कदाचित नुसतं जाणारं होतं. पण त्यानं ते बघितलं आणि मग खाली त्या चौकोनाकडं बघितलं. चार फळ्यांच्या मध्ये खालची जमीन दिसत होती. त्याला वाटलं, इथूनच येईल. टोपी उडेल, झडप अडकेल, डब्बी मरेल, आणि एखाद्या आषाढात इथं खाली कुणीतरी गंज मांडेल. त्या गंजात पडणारा थेंब त्याला तिथं उभ्याउभ्या ऐकू आला.

तो वाकला. दोन्ही हातांनी फर्मा हलवून उचलला, बाजूला ठेवला. खाली सेंट्रिंगची एक पाटी सरकवली, उरलेल्या सळाखीचे तुकडे आडवे-उभे बांधले. हात सवयीनं चालत होते. इतक्या वर्षांत प्रत्येक मोकळी जागा त्यांनी अशीच भरली होती. मग त्यानं सुकरामकडं न बघता म्हटलं, "टाक."

सुकरामचं हसणं थांबलं. "पोट्टी मंग का म्हनंल गा?"

"टाक म्हटलं ना."

पाऊस आला नाही. संध्याकाळी आभाळ तसंच पुढं निघून गेलं. गड्यांची पंगत बसली असताना चेतना आली, हातात मोठा खोका. अंगणात भिंतीला टेकवलेला फर्मा तिला आधी दिसला. ती वर गेली, खाली आली.

"बाबा?"

"आभाळ आलं होतं," उदाराम म्हणाला.

तिनं वर बघितलं. आभाळात काही नव्हतं. ती केशोरावकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, "काका, अजून ओला हाय. आत्ता काढला तं निघते, लोह्याले बी धक्का लागत नाई. उद्या तोडावं लागंल. आत्ता सांगा."

केशोराव वाढता वाढता थांबला. हातातलं वड्यांचं पातेलं त्यानं खाली ठेवलं. त्यानं चेतनाकडं बघितलं, वर स्लॅबकडं बघितलं आणि शेवटी, गावात सगळे बघतात तसं, उदारामकडं बघितलं.

"तुमी सांगा, मिस्त्री. काढू का?"

काढा, एवढंच म्हणायचं होतं. पंगतीतले सगळे हात थांबले होते. खांद्यावर सकाळचा शेला होता. सुकराम पत्रावळीत मान घालून बसला होता. उदारामला लेकीचं तोंड दिसत होतं. त्यावर राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं, लहानपणी तो कामावरून यायचा तेव्हा दारात असायचं तसं.

"स्लॅबले छेद नाई पाडू," तो म्हणाला.

"झालं मंग," केशोराव म्हणाला आणि पातेलं उचललं. त्याला हायसं वाटलं होतं, हे लपलं नाही.

चेतनानं भिंतीपाशी ठेवलेलं वायरचं वेटोळं नीट गुंडाळलं. मग ती पंगतीत बसली आणि जेवली. बापाला वाढायला उठलीसुद्धा. त्यानं पुढं कितीतरी वेळा स्वतःला समजावलं की त्या दिवशी ती भांडली असती तर त्यानं ऐकलं असतं. पण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे त्याला माहीत होतं.

होळीआधी ती हैदराबादला गेली. गोंदियाच्या स्टेशनवर शामकला तिच्या डब्यात वड्या कोंबत राहिली. गाडी हलली तेव्हा चेतना एवढंच म्हणाली, "बाबा, उन्हात काम करता, डोक्याले दुपट्टा बांधत जाजा." सारवलेल्या खोलीत शामकलानं धानाची पोती ठेवली. केशोरावच्या अंगणातून उदारामनं तो फर्मा मात्र घरी आणला होता. का आणला, हे शामकलानं विचारलं नाही. तिनं त्यात धानाचं तणस पसरलं आणि खुडूक कोंबडी बसवली.

अक्षय तृतीयेला केशोरावची वास्तू झाली. त्यानंतर, मे महिना भरात असताना, भर दुपारी उदाराम त्याच्या घरी गेला. उन्हाळ्यात फेरी काढायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. बैठकीत कुणी नव्हतं. पंखा फिरत होता आणि चुलीपुढची हवा अंगावर टाकत होता. आतल्या खोलीचं दार बंद, दाराखालून गारवा आणि एसीची घरघर येत होती. त्यानं स्टूल ओढलं, वर चढला आणि जिन्यापाशी, बरोबर त्या जागी, छताला तळहात लावला.

त्याला हात काढून घ्यावा लागला.

मागच्या अंगणात म्हशींचा जुना गोठा तेवढा पाडायचा राहिला होता, कवेलूचा. म्हशी आता नव्हत्या. तिथं धुरपताबाईची बाज टाकलेली होती, शेजारी पाण्याचं मडकं.

"कोन? उदाराम का गा?" म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. "आता कायची फेरी? पानी तं नाई पडून राहिला."

"असाच आलो, काकी. तुमी अठी काऊन?"

"आत भट्टी हाय. आन बाबूच्या खोलीत बरफ. मी मरू कोनाकडं?" ती हसली, तोंडात दात नव्हते. "अठी बरा वाटते. वारा येते." मग तिला वाटलं असावं की मिस्त्रीचं मन दुखावलं. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "पन घर लगीत मजबूत बांधला गा तू. पान्याचा थेंब नाई येनार." थोडं थांबून, "वारा बी नाई येनार."

तो तिच्याजवळ बसून राहिला. वर कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या बारीक चकत्या जमिनीवर पडल्या होत्या. त्याच्या घरात पडत, तशाच. त्या चकत्या त्यानं आजवर फक्त पावसाच्या वाटा म्हणून बघितल्या होत्या. त्याच वाटांनी काही बाहेरही जात असेल, हे पोरीनं बाजेवर लोळता लोळता बघितलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात चंद्रकुमार मास्तरांनी घर काढलं. या वेळी उदाराम स्वतःहून बोलला. चुन्याची फक्की टाकता टाकता जिन्यापाशी थांबला आणि म्हणाला, "मास्तर, अठी वर एक झरोका ठेवू. झडपवाला. पोरीच्या कंपनीचा राहते. बाहेर थंडी झाली का आपोआप उघडते." त्याला सगळं आठवत होतं, पण चेतनाच्या तोंडून जे सोपं वाटायचं ते त्याच्या तोंडून खुळ्यासारखं बाहेर पडत होतं. "घर दम घेते, मास्तर. उन्हाळ्यात बरं राहते."

मास्तर आधी गोंधळले, मग हसायला लागले. "मिस्त्री, मजाक करून राहिले का? स्लॅबले भोक, आन तुमी सांगून राहिले?"

"खरंच सांगतो. डब्बी राहते एक."

"ते बसवते कोन? चेतना येईल का?"

उदारामच्या हातातली फक्की तिथल्या तिथं सांडत राहिली. "ते आता तिकडंच राहते," तो म्हणाला.

"मंग?" मास्तरांनी प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आन मी होतो ना त्या दिवशी केशोरावजीच्या पंगतीत. तुमचंच बोलनं हाय. स्लॅबले छेद नाई पाडू. साऱ्या गावानं पाठ केलं ते. आमाले तुमचाच स्लॅब पाह्यजे, मिस्त्री. नाई गळनारा."

त्यानं आणखी एकदा सांगून बघितलं, विटा येऊन पडल्या तेव्हा. तोवर गावात बोललं जाऊ लागलं होतं की लेक दूर गेल्यापासून मिस्त्रीचं चित्त ठिकाणावर नाही. सुकरामसुद्धा म्हणाला, "जाऊ दे ना गा. ते वेळ त्या दिवशीच होती."

मास्तरांचा स्लॅब पडला. नारळ फुटला, शेला मिळाला. आभाळ निरभ्र होतं. काँक्रीट जिन्यापाशी आलं तेव्हा उदारामच्या पायाखाली सलग लोहा होता. अडवायला, उचलायला काही नव्हतं. तो घमेली मोकळी करून घेत राहिला आणि गुरमाळा फिरवत मागं मागं सरकला.

संध्याकाळी चेतनाचा फोन आला, रोजच्यासारखा. आईशी बोलून झाल्यावर तिनं बापाला मागितलं.

"झाला का मास्तरांचा स्लॅब?"

"झाला."

तिकडं रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज होता. त्याला सांगायचं होतं की मी बोललो होतो, दोनदा बोललो. की धुरपताबाई गोठ्यात झोपते. की त्या दिवशीचं आभाळ तसं काही मोठं नव्हतं. ओठांवर आलं तेही भलतंच होतं : फर्मा हाय माह्याजवळ, अजून.

"कसा झाला, बाबा?"

अंगणात कोंबडी फर्म्यात अंग फुगवून बसली होती. त्यानं वर बघितलं, आपल्या कवेलूंकडं.

"मजबूत झाला," तो म्हणाला. "गळनार नाई."

"तुमचा गळतच नाई ना," चेतना म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो त्यानं बराच वेळ शोधला.